मल्हारराव महाराजांचा खटला आणि पुरावा वाचण्याच्या काही सवयी

बडोद्याच्या इतिहासावर चार माणसं बोलायला बसली की एक प्रश्न हमखास निघतो. मल्हारराव महाराजांनी रेसिडेंटला खरंच विष घातलं होतं का? आपल्या मंडळाच्या बैठकांतही तो निघतो आणि दर वेळी साधारण दोनच उत्तरं ऐकू येतात. एक, “तो सगळा इंग्रजांचा बनाव होता.” दुसरं, “मल्हारराव कसे होते ते ठाऊक आहे, त्यांच्याकडून दुसरं काय होणार?” दोन्ही उत्तरं ठामपणे दिली जातात. कशावरून, असं विचारलं की पहिल्याकडून इंग्रजांचा स्वभाव पुढे येतो आणि दुसऱ्याकडून मल्हाररावांचा. ९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी रेसिडेन्सीत काय घडलं, याबद्दल दोघंही फारसं बोलत नाहीत.

या लेखात मला निकाल द्यायचा नाही. पुरावा हाती आला की तो वाचायचा कसा, त्याच्या काही साध्या सवयी आहेत. त्या समजून घ्यायला या खटल्यासारखा दुसरा धडा आपल्या शहरात नाही. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या, कामकाज छापून निघालं, आणि सहा जाणत्या माणसांनी तोच पुरावा ऐकून वेगवेगळी मतं दिली. अभ्यासाला आणखी काय हवं?

हकीकत थोडक्यात

खंडेराव महाराज नोव्हेंबर १८७० मध्ये वारले आणि त्यांचे धाकटे भाऊ मल्हारराव गादीवर आले. १८७३ मध्ये कर्नल रॉबर्ट फेअर रेसिडेंट म्हणून बडोद्यात आले आणि दोघांचं पहिल्यापासूनच बिनसलं. कारभाराबद्दलच्या तक्रारींची चौकशी करायला कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन बसलं. त्यानंतर हिंदुस्थान सरकारने महाराजांना कारभार सुधारण्यासाठी १८७५ अखेरपर्यंत मुदत दिली. याच काळात दादाभाई नवरोजी काही महिने दिवाण होते.

२ नोव्हेंबर १८७४ रोजी महाराजांनी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांना खलिता पाठवून फेअर यांना बदलावं अशी मागणी केली. बरोबर आठवड्याने, ९ नोव्हेंबरला, सकाळी फिरून आल्यावर फेअर यांनी नेहमीप्रमाणे पपनसाचं सरबत घेतलं. दोन-तीन घोटांनंतर त्यांना बरं वाटेना. उरलेलं सरबत त्यांनी बाहेर ओतून टाकलं, तेव्हा पेल्याच्या तळाशी साका दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला आणि मुंबईला रासायनिक परीक्षक डॉ. ग्रे यांच्याकडे पाठवला. सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली, असा अहवाल आला.

त्यानंतर फेअर यांच्या जागी सर लुईस पेली आले. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपली माणसं घेऊन तपासाला आले. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी आणि जमादार नरसू यांनी कबुलीजबाब दिले. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना कैद झाली. त्यांचे खाजगी कारभारी दामोदरपंत यांनीही पुढे कबुली दिली. २३ फेब्रुवारीला सहा जणांचं कमिशन बसलं. त्यात बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड आणि मेलव्हिल हे तीन इंग्रज होते. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे हे तीन हिंदी सभासद होते. महाराजांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले होते.

पहिली सवय: प्रश्न फोडून घेणे

“मल्हाररावांनी विष घातलं का?” हा प्रश्न एक दिसतो, पण त्यात निदान पाच प्रश्न आहेत. पेल्यात विष होतं का? ते कुणी घातलं? घालणाऱ्याला कुणी सांगितलं? सांगणारे महाराज होते का? आणि महाराज राज्य करायला लायक होते का?

या प्रत्येकाचा पुरावा वेगळा आहे. पहिल्याला रसायनशास्त्र लागतं. दुसऱ्याला रेसिडेन्सीतल्या नोकरांच्या साक्षी लागतात. तिसऱ्या-चौथ्याला वाड्यातल्या माणसांच्या. पाचव्याला महसुलाचे कागद आणि रयतेच्या तक्रारी. एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्याला लावला की घोटाळा होतो, आणि बैठकीतले बहुतेक वाद याच घोटाळ्यातून होतात. एक जण पाचव्या प्रश्नाचं उत्तर देत असतो, दुसरा चौथ्याचं, आणि दोघांना वाटतं की आपण एकाच गोष्टीवर भांडतोय.

खुद्द सरकारनेही कमिशनपुढे एकच आरोप ठेवला नव्हता, चार मुद्दे ठेवले होते. महाराजांचा रेसिडेन्सीच्या नोकरांशी गुप्त संपर्क होता, त्यांना पैसे दिले जात, त्यांच्याकडून आतल्या बातम्या काढल्या जात, आणि त्यांच्याकरवी विषप्रयोगाचा प्रयत्न झाला. पहिल्या तिन्हींवर विश्वास बसला तरी चौथा आपोआप खरा ठरत नाही. दरबाराने रेसिडेन्सीतल्या नोकरांकडून बातम्या काढणं आणि रेसिडेंटने दरबारातल्या माणसांकडून बातम्या काढणं, हे त्या काळच्या संस्थानी कारभारात नवलाचं नव्हतं.

दुसरी सवय: वस्तू किती बोलते ते ओळखणे

पेल्यातला साका हा या खटल्यातला सगळ्यात पक्का पुरावा. माणूस जबाब फिरवतो, सोमल फिरवत नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी खात्रीने देता येतं. पेला परीक्षकापर्यंत पोहोचला तेव्हा त्यात विष होतं.

वाक्य मी मुद्दाम असं लिहिलं आहे. परीक्षक त्याच्यापुढे आलेल्या नमुन्याबद्दल बोलतो. नमुना तिथपर्यंत कसा आला, मध्ये कुणाकुणाच्या हातून गेला, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. विष कुणाच्या सांगण्यावरून घातलं, हे तर पेला कधीच सांगणार नाही. “प्रयोगशाळेत सिद्ध झालं” हे शब्द ऐकले की आपण पुढचे चारही प्रश्न सुटले असं धरून चालतो.

हिऱ्याच्या पुडीचंही तसंच. हिरा पोटात गेला की माणूस मरतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. रासायनिक दृष्ट्या हिरा म्हणजे कार्बन, तो पोटात विरघळत नाही आणि सोमलासारखं विष तर मुळीच नाही. पण म्हणून ही पूड निरर्थक ठरत नाही. ती घालणाऱ्याच्या समजुतीबद्दल काहीतरी सांगते, आणि हिरे कुठून आले ही तपासाची नवी वाट उघडते. त्या वाटेवर हेमचंद फत्तेचंद हा जवाहिऱ्या भेटतो. हिरे दिल्याचा त्याचा जबाब पोलिसांकडे होता. कमिशनपुढे मात्र तो उलटला आणि आधीचा जबाब दडपणाखाली दिला असं म्हणाला. आता कोणता हेमचंद खरा? दोन्ही जबाबांच्या वेळी त्याला कुणाची भीती होती, हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. पहिल्या वेळी पोलीस समोर होते. दुसऱ्या वेळी तो आपल्याच महाराजांसमोर, आपल्याच शहरात उभा होता.

तिसरी सवय: साक्षीदार मोजण्याआधी त्यांचे उगम मोजणे

महाराजांना विषाशी थेट जोडणारे मुख्य साक्षीदार तीन: रावजी, नरसू आणि दामोदरपंत. तिघं एकच गोष्ट सांगतात म्हणजे ती खरी असणार, असं मन चटकन म्हणतं.

मी आयुष्यातली बरीच वर्षं कारखान्यात काढली, म्हणून तिथलं उदाहरण देतो. एका पाइपवर एकच प्रेशर गेज आहे. तीन ऑपरेटरांनी तीन वहीत त्याचा आकडा लिहिला आणि तिन्ही आकडे जुळले. मोजमापं किती झाली? एकच. गेज चुकीचं असेल तर तिन्ही वह्या चुकीच्या, आणि आकडे जुळल्यामुळे आपला विश्वास मात्र तिप्पट वाढलेला.

इतिहासात हा धडा आपल्याच शहरात फार मोठ्या प्रमाणावर गिरवला गेला आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध केली. देशभरातल्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहिले गेले. पण ‘जास्त पोथ्यांत आहे तो पाठ खरा’ असा हिशेब तिथे चालत नाही. एका पोथीवरून दहा नकला झाल्या असतील तर त्या दहांचं मत एकच धरावं लागतं. म्हणून आधी पोथ्यांची कुळं लावायची, उत्तरेची परंपरा कोणती, दक्षिणेची कोणती ते ठरवायचं, आणि दूरदूरच्या, एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या पोथ्या जिथे जुळतात तिथे जास्त विश्वास ठेवायचा.

हीच कसोटी तीन साक्षीदारांना लावू. रावजीला माफीचं वचन मिळालेलं होतं. दामोदरपंतांनी कैदेत काही दिवस काढल्यावर, माफीच्या आश्वासनावर जबाब दिला. तिघंही एकाच तपास पथकाच्या ताब्यात होते. रावजीच्या पट्ट्यात विषाची एक पुडी सापडली, तीही सूटर यांच्यासोबत आलेल्या अकबर अलीला, आणि चौकशी चालू असतानाच. बॅलंटाइन यांनी नेमका यावर भर दिला होता. पुडी पोलिसांनीच ठेवली नसेल कशावरून, आणि एकाचा जबाब दुसऱ्याच्या कानावर गेला नसेल कशावरून?

पण इथेच थांबलो तर आपण वकील होऊ. सरकारी बाजूलाही उत्तर होतं. नरसूला माफीचं वचन दिलेलं नव्हतं, कबुली देऊन तो स्वतःच अडकत होता. मग तो खोटं का बोलेल? शिवाय कटाचे साक्षीदार नेहमी कटातलेच असतात, साधुसंत कुठून आणायचे? हे मुद्दे हलके नाहीत. कसोटी लावून हाती येतं ते एवढंच: हे तीन पुरावे तीन म्हणून मोजता येत नाहीत, आणि शून्य म्हणूनही सोडता येत नाहीत. किती मोजायचे, हे ज्याने-त्याने कारण देऊन ठरवायचं. कारण न देता ठरवायचं नाही.

चौथी सवय: हेतू दोन्ही पारड्यांत टाकून पाहणे

“महाराजांना फेअर नकोच होते, मग विष दुसरं कोण घालणार?” हे वाक्य फार ऐकू येतं. आता २ नोव्हेंबरचा खलिता पाहू. ज्याने रेसिडेंटला बदला म्हणून व्हाइसरॉयना रीतसर लिहिलं, तो उत्तराची वाट न पाहता आठ दिवसांत विष घालेल का? बचाव पक्ष म्हणेल, शक्यच नाही. विरोधी पक्ष म्हणेल, खलित्याचा उपयोग होणार नाही असं वाटलं म्हणूनच घातलं, किंवा संशय येऊ नये म्हणून आधी खलिता पाठवला. एकच कागद दोन्ही गोष्टींत चपखल बसतो.

जो पुरावा दोन्ही शक्यतांत सारखाच बसतो, तो त्या दोघींमध्ये निवड करायला उपयोगाचा नाही. त्याने गोष्ट रंगतदार होते, वजन वाढत नाही. टिपण काढताना मी कागदाशेजारी एक प्रश्न लिहून ठेवतो: हे खोटं असतं तर हा कागद वेगळा दिसला असता का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो कागद बाजूला.

पाचवी सवय: स्वभाव आणि परिणाम बाजूला ठेवणे

मल्हाररावांचा पूर्वइतिहास त्यांना अनुकूल नाही. खंडेरावांच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून ते कित्येक वर्षं पादऱ्याला कैदेत होते. गादीवर आल्यावरच्या कारभाराबद्दल रयतेच्या आणि सरदारांच्या तक्रारी होत्या. यावरून ते कसे राजे होते याचं मत बनवता येईल. पण वाईट राजा म्हणजे याच पेल्यात विष घालणारा, ही उडी मोठी आहे. गावात चोरी झाली की जुन्या चोराला आधी धरतात. पोलिसाने तिथून सुरुवात करणं समजू शकतं, न्यायाधीशाने तिथेच थांबणं समजू शकत नाही.

याच्या उलट बाजूचा मोह आम्हा बडोदेकरांना जास्त असतो, आणि तो लवकर ध्यानात येत नाही. मल्हारराव गेले म्हणून जमनाबाईंनी दत्तक घेतला. २७ मे १८७५ रोजी कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव सयाजीराव झाला. पुढे कॉलेज, ग्रंथालयं, सक्तीचं शिक्षण, आज आपण ज्या बडोद्याचा अभिमान बाळगतो ते सगळं आलं. आपल्यापैकी कित्येकांची घरं इथे आली तीच त्या राज्यातल्या नोकऱ्यांमुळे. मग मनात नकळत एक हिशेब मांडला जातो: शेवट इतका चांगला झाला, म्हणजे मल्हाररावांना काढलं ते योग्यच, म्हणजे आरोपही खरा असणार. सयाजीरावांचं मोठेपण हा १८७४ च्या सकाळचा पुरावा होऊ शकत नाही. त्या सकाळी ते कवळाण्यात होते.

सहावी सवय: आवडत्या उत्तरालाही तीच कसोटी

आता “इंग्रजांचा बनाव” या उत्तराकडे वळू. फेअर यांचा महाराजांवर राग होता आणि पोलिसांनी जबाब मिळवताना दडपण आणलं असेल, हे मानायला जागा आहे. पण ‘इंग्रज’ म्हणजे एक माणूस नव्हे. फेअर हे मुंबई सरकारच्या अखत्यारीतले. त्यांना बदलण्याचा निर्णय कलकत्त्याच्या व्हाइसरॉयचा. कमिशनवर तीन हिंदी सभासद नेमले तेही व्हाइसरॉयनेच. सगळं आधीच ठरलेलं असतं तर ही जोखीम कशाला? आणि राज्य गिळायचं असतं तर गिळलं का नाही? गादी गायकवाडांकडेच राहिली.

यावरून बनाव नव्हता असं सिद्ध होत नाही. खालच्या पातळीवर एखाद्या अधिकाऱ्याने पुरावा ‘पक्का’ करून दिला, ही शक्यता वरच्यांच्या कटाशिवायही उरतेच. पण तिलाही पुरावा लागेल. ज्या काटेकोरपणाने आपण रावजीची साक्ष तपासली, त्याच काटेकोरपणाने पोलिसांवरचा आरोप तपासायला हवा.

निकाल काय लागला, आणि आपण काय सांगतो

कमिशनमध्ये तीन-तीन असे दोन तट पडले. तिन्ही इंग्रज सभासदांनी आरोप सिद्ध धरला, तिन्ही हिंदी सभासदांनी नाही. हे बहुतेकांना ठाऊक असतं. याच्या पुढचं मात्र विसरलं जातं. तिघा हिंदी सभासदांची भाषा सारखी नव्हती. जयपूरच्या महाराजांच्या मते मल्हारराव दोषी नव्हते. शिंदे आणि दिनकरराव यांचं म्हणणं, विषप्रयोगाचा आरोप सिद्ध होत नाही. या दोन वाक्यांत फरक आहे. ‘केलं नाही’ हे घटनेबद्दलचं विधान आहे, ‘सिद्ध झालं नाही’ हे पुराव्याबद्दलचं. दुसऱ्या वाक्याला पुष्कळ जण पळवाट समजतात. मला ते या सबंध प्रकरणातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य वाटतं.

उगम मोजण्याची सवय इथेही सोडायची नाही. तिघं इंग्रज सरकारी नोकर होते, तेव्हा त्यांची मतं पूर्ण स्वतंत्र होती का? दिनकरराव एके काळी ग्वाल्हेरचेच दिवाण होते, तेव्हा त्यांचं आणि शिंद्यांचं मत किती स्वतंत्र? जातीवरून मत ओळखणं सोपं, पण त्यातून खटला समजत नाही. प्रत्येकाने दिलेली कारणं वाचावीत.

आणि शेवटची गोष्ट. “विषप्रयोगाबद्दल मल्हाररावांना पदच्युत केलं,” हे वाक्य मी भाषणांत ऐकलं आहे आणि छापलेलंही पाहिलं आहे. एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्यात कारण तसं नाही. विषाचा आरोप सिद्ध झाला असं धरून हा निर्णय घेतलेला नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. कुख्यात गैरवर्तन, राज्यकारभाराची दुर्दशा आणि सुधारणा करण्याची असमर्थता ही कारणं दिली आहेत. ती पटोत न पटोत, पण तो आपला पाचवा प्रश्न आहे, चौथा नव्हे. महाराजांना मद्रासला नेलं आणि १८८२ मध्ये ते तिथेच वारले. विषाच्या प्रश्नावर त्यांच्याविरुद्ध बहुमताचा निकाल कधीच लागला नाही. तरी आज दीडशे वर्षांनंतर आपण तो एका वाक्यात लावून टाकतो.

बैठकीत हा प्रश्न पुन्हा निघाला तर मी माझं उत्तर असं देईन. पेल्यात विष होतं, हे जवळजवळ नक्की. रेसिडेन्सीच्या नोकरांपैकी कुणाचा तरी हात असावा, हे बरंच संभवनीय. महाराजांचा आणि त्या नोकरांचा संपर्क होता, हेही संभवनीय. विष महाराजांच्या हुकमाने घातलं, हे उपलब्ध साक्षींवरून सिद्ध होत नाही. आणि दादाभाई, मीड, फेअर, रयत या सगळ्यांचे कागद एकत्र वाचले तर राज्यकारभार वाईट होता यात मला शंका नाही. या पाच वाक्यांतल्या कोणत्याही एकाला धक्का देणारा नवा कागद कुणाकडे निघाला, जुन्या सरदार घराण्याच्या दप्तरात, एखाद्या रोजनिशीत, तर ते वाक्य बदलावं लागेल. बाकीची चार तशीच राहतील. म्हणून मंडळातल्या सर्वांना विनंती आहे की घरातले मोडी कागद रद्दीत घालण्याआधी एकदा दाखवावेत, आणि दाखवताना ते कुणाकडून आले, कुठे ठेवलेले होते, हेही सोबत लिहून आणावं.